काट्याचा मासा आणि बिनकाट्याचा मासा : गोरेगावच्या ताटाचा एक इतिहास

मराठीत खाद्यसंस्कृतीवर लेखन पुष्कळ झाले आहे. परंतु त्यातील बरेचसे सणवार, नैवेद्य आणि पक्वान्ने ह्यांच्याभोवती फिरते. पुरणपोळीचा इतिहास लिहिणारे भेटतात, मांदेलीचा लिहिणारा क्वचित. वास्तविक मत्स्याहाराला जुन्या ग्रंथांत स्थान नव्हते असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ह्या ग्रंथात मासे गळाला लावण्याच्या क्रीडेपासून ते शिजवण्यापर्यंतचे तपशील आले आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली प्रसिद्ध झाले. पाठारे प्रभूंच्या घरातील सामिष स्वयंपाक त्यात संकोच न बाळगता छापला गेला. म्हणजे साधने आहेत. त्यांच्याकडे इतिहास म्हणून पाहण्याची सवय तेवढी आपल्याला नाही.

प्रस्तुत लेखात एका उपनगराच्या ताटापुरते असे पाहण्याचा प्रयत्न आहे. हे उपनगर गोरेगाव. घरी शिजणारी मासळी आणि हाकेच्या अंतरावरील 'चायनीज' किंवा 'थाई' हॉटेलात मिळणारी मासळी, ह्या दोन्हींचा आस्वाद इथला मध्यमवर्ग सारख्याच आवडीने घेतो. रविवारी दुपारी बांगड्याचे तिखले आणि शनिवारी रात्री कोळंबी मंचुरियन, असा क्रम अनेक घरांतून चालतो. वरवर पाहता ही केवळ रुचिपालटाची बाब वाटते. पण दोन्ही ताटांचा माग काढत गेले की आपण दोन वेगळ्या इतिहासांत जाऊन पोहोचतो.

१. घरचे ताट

गोरेगावला समुद्र लागून नाही, पण तो दूरही नाही. पूर्वेला आरेच्या टेकड्या, पश्चिमेला मालाडची खाडी. पलीकडे मढ, भाटी, मार्वे, मनोरी आणि दक्षिणेस वेसावे. साष्टी बेटाचा हा पट्टा १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता. १७३७ ते १७३९ ह्या काळात तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. सत्ता पालटत राहिल्या, तरी खाडीतली जाळी तीच राहिली. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्या इथल्या मूळ रहिवाशांनी १८८७ च्या सुमारास, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतले. त्यांचा बाटलीतला मसाला आणि कोळ्यांचा मसाला शेजारी ठेवून पाहिले, तर धर्म बदलला तरी चूल किती थोडी बदलली हे ध्यानात येते. ज्या मिरचीवाचून ह्यांपैकी एकही कालवण होत नाही, ती मिरची मात्र पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. तेव्हा 'अस्सल' हा शब्द ताटाच्या बाबतीत जपूनच वापरलेला बरा.

ह्या मूळ थरावर दुसरा थर चढला तो कोकणातून आलेल्यांचा. बी.बी.सी.आय. रेल्वे १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आली, १८६७ पासून विरारहून उपनगरी गाडी सुटू लागली, आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली, तेव्हा गोरेगाव महानगरपालिकेत आले. मोतीलालनगर, उन्नतनगर, सिद्धार्थनगर अशा वसाहतींतून गिरणगावातली आणि गिरगावातली कुटुंबे इकडे सरकत गेली. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर हे सरकणे सक्तीचेच झाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा ह्या तिन्ही मुलखांची कालवणे एकाच जिन्यात एकमेकांच्या नाकाला लागू लागली. पश्चिमेकडील बाजाराला लोक 'टोपीवाला मंडई' म्हणतात. हेच टोपीवाला नाव मालवणच्या जुन्या हायस्कुलावरही आहे. एका नावाने जोडलेली ही दोन गावे मासळीनेही जोडलेली आहेत, हा योगायोग अगदीच निरर्थक नाही.

घरच्या ताटाची तीन वैशिष्ट्ये नोंदवण्यासारखी आहेत.

पहिले म्हणजे त्यातील माशांची विविधता. घरात पापलेट आणि सुरमई पाहुण्यांसाठी. एरवी बांगडा, बोंबील, मांदेली, मोदक, मुशी, शिंगाळा, कर्ली, सौंदाळा, तिसऱ्या, आणि पावसाळ्यात सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील. प्रत्येकाची रीत निराळी. बांगड्याला तिरफळ हवे, बोंबलाला नको. कर्लीला काटे फार म्हणून ती आडवी बारीक चिरायची. तिसऱ्यांचे सुके करताना एक शिंपली ठेवायची, एक काढायची. हे ज्ञान बहुतांशी स्त्रियांचे, तोंडी चालत आलेले आणि कोळणीच्या पाटीशी उकिडवे बसून पक्के झालेले. कल्ला उचलून लाली पाहणे, बोट दाबून खळगा भरून येतो की नाही ते पाहणे, वाट्यावर आणखी दोन मांदेल्या टाकायला लावणे ही एका अर्थी परीक्षाच असे, आणि ती दर आठवड्याला द्यावी लागे.

दुसरे वैशिष्ट्य कालगणनेचे. श्रावणात मासे वर्ज्य, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ आणि मग होड्या पाण्यात. ही घरची पंचांगे समुद्राच्या पंचांगाशी ढोबळपणे जुळत असत, कारण पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ. आज कायद्याने १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी पश्चिम किनाऱ्यावर असते. व्रत आणि कायदा ह्यांचे हेतू भिन्न असले, तरी दोन्हींनी माशाला थोडी उसंत दिली.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे काटा. घरचा मासा काट्यासकट ताटात येतो. मूल लहान असते तेव्हा आई किंवा आजी काटे काढून घास भरवते. पुढे मुलाने स्वतः शिकायचे असते. जीभ, दात आणि बोटे ह्यांचे हे शिक्षण पाच-सात वर्षे चालते. ते पूर्ण झाले की मग डोके चोखण्याची परवानगी मिळते. मासेखाऊ घरातील हा एक अलिखित संस्कार आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

घरच्या ताटाचे असे कौतुक करताना त्यातले निर्बंधही सांगितले पाहिजेत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार ह्यांनी ते कापलेले असे. अनेक घरांत मासळीची भांडी वेगळी आणि चूलही वेगळी. कोणी कोणाकडे कोणता मासा खावा, ह्यामागे जातीचे हिशेब होते. आणि सर्वांचे जेवण उरकल्यावर शेपटीचा तुकडा जिच्या वाट्याला येई, तिनेच तो मासा साफ केलेला असे. घरची चव आठवताना हे विसरून चालणार नाही.

२. खानावळीपासून लंच होमपर्यंत

घरची मासळी घराबाहेर पडली ती प्रथम खानावळीत. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना बायका जेवण घालीत. त्यांच्या कष्टांना संघटित रूप देण्यासाठी प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरगावात खोताच्या वाडीतील अनंताश्रमासारख्या गोमंतकीय खानावळींनी पांढरपेशांना घरासारखे जेवण पुरवले. ती खानावळ आता बंद झाली आहे, पण तिच्याविषयी बोलणारे अजून भेटतात. दुसऱ्या बाजूने दक्षिण कानडा जिल्ह्यातील मंडळींनी फोर्ट भागात लंच होमे काढली. महेश, अपूर्वा, तृष्णा ही नावे त्यांतूनच पुढे आली. दुपारच्या भात-आमटीपासून सुरू झालेल्या ह्या जागा लोणी-मिरी-लसणाच्या खेकड्यासाठी परदेशी पाहुण्यांना माहीत झाल्या.

'मालवणी' ह्या शब्दाला बाजारात किंमत आली ती त्यानंतर, आणि ती प्रथम स्वयंपाकघरातून आली नाही, रंगभूमीवरून आली, असे आम्हांस वाटते. गंगाराम गवाणकर ह्यांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगमंचावर आले. मच्छिंद्र कांबळी ह्यांनी ते घरोघरी पोहोचवले. जी बोली मुंबईत दबक्या आवाजात बोलली जाई, तिला प्रेक्षागृहात टाळ्या पडू लागल्या. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. ह्याच दोन दशकांत पार्ल्याच्या 'गजाली'सारखी हॉटेले नावारूपाला आली आणि उपनगरांतून 'मालवणी' पाट्या दिसू लागल्या. बोलीला प्रतिष्ठा मिळाल्यावर कालवणाला मिळाली, हा क्रम मराठीच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा असा आहे.

मात्र ह्या प्रवासात ताट आकसले. हॉटेलच्या पाटीवर सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, बोंबील आणि बांगडा एवढीच नावे बहुधा उरली. मुशी, मोदक, शिंगाळा तिथे दिसत नाहीत. ज्या माशाचा तुकडा ताटात नीट मांडता येतो, तोच हॉटेलात टिकतो.

३. पूर्वेकडून आलेले ताट

आता शनिवार रात्रीच्या ताटाकडे वळू. चिनी जेवण मुंबईला हॉटेलांमुळे कळले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. समुद्राचा विचार केला तर क्रम उलटा लागतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनकडे केवळ अफू आणि कापूस गेला नाही. मुशीचे वाळवलेले पर आणि माशांच्या पोटातली हवेची पिशवीही गेली. घोळीच्या ह्या पिशवीला कोळी 'बोत' म्हणतात. हा व्यापार आजही थांबलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका मच्छीमाराला एका फेरीत १५७ घोळी सापडल्या आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले, ते प्रामुख्याने ह्या बोताच्या मोलामुळे. चिनी पदार्थ आपल्या ताटात येण्याच्या कितीतरी आधी आपला समुद्र चिनी ताटात गेला होता.

मुंबईतील चिनी वस्ती लहान. माझगावातील सी यूप कून हे देऊळ १९१९ चे, आणि आजूबाजूची वस्ती खलाशी, सुतार, दंतवैद्य, चर्मकाम करणारे अशांची. स्वातंत्र्याच्या आगेमागे चर्चगेटचे कामलिंग आणि अपोलो बंदरचे नानकिंग ही कँटोनी पद्धतीची उपाहारगृहे नावाजली. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवली येथे स्थानबद्ध करण्यात आले. अनेकांनी देश सोडला. म्हणजे ज्या काळात चिनी माणूस संशयित ठरत होता, त्यानंतरच्या काही वर्षांतच चिनी जेवण सर्वांचे लाडके झाले. १९७३ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झाले, आणि सेचवान प्रांताचे तिखट मुंबईला मानवले. १९७५ मध्ये कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग ह्यांनी क्रिकेट क्लबच्या मुदपाकखान्यात 'चिकन मंचुरियन' प्रथम केले, असे सांगितले जाते. आले, लसूण आणि हिरवी मिरची ही आपली फोडणी. तिला सोया सॉस आणि मक्याचे पीठ मिळाले. मंचुरियात हा पदार्थ कोणाला ठाऊक नाही, आणि तिथे कोणाला त्याची उणीवही भासत नाही.

पुढची कथा उपनगरांची. शेट्टी मंडळींच्या उपाहारगृहांनी खाद्यपत्रिकेत 'चायनीज' हे पान जोडले. नेपाळी आणि ईशान्येकडील आचारी आले. रस्त्याकडेच्या लाल गाड्यांवर मोठ्या आचेच्या कढया खडखडू लागल्या, आणि मराठी पोरांनीही गाड्या टाकल्या. १९९३ मध्ये कफ परेडला थाई पॅव्हिलियन निघाले तेव्हा थाई जेवण ही श्रीमंतांची चैन होती. २००८ मध्ये गोरेगाव पूर्वेला ओबेरॉय मॉल उघडला, आणि त्यानंतर नारळाच्या दुधातली हिरवी-लाल करी मध्यमवर्गाच्याही ओळखीची झाली. हुमण खाणाऱ्या माणसाला ती परकी वाटली नाही, ह्यात नवल नव्हते. नारळ, आंबटपणासाठी एखादे फळ, तिखट आणि भात हे सूत्र कोकणापासून सयामपर्यंतच्या किनाऱ्यांना समान आहे. हिंदी महासागर आणि त्यापलीकडचा समुद्र ह्यांनी ह्या किनाऱ्यांची चव नकाशाआधीच जोडून ठेवली होती.

नावांची गंमत येथेही आहे. 'प्रॉन्स कोळीवाडा' ह्या पदार्थाचा कोळ्यांशी संबंध फक्त पत्त्यापुरता. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांनी तो केला. त्या भागातील रेल्वे स्थानकाचे नाव पुढे गुरु तेग बहादूर नगर झाले; 'कोळीवाडा' हे नाव तळलेल्या कोळंबीवर राहिले. तसेच सिंगापूरचे माशाच्या डोक्याचे प्रसिद्ध कालवण एका मलयाळी खानावळवाल्याने १९४० च्या दशकाअखेरीस चिनी गिऱ्हाइकांसाठी केले, असे मानतात. निर्वासित आणि स्थलांतरित ह्यांनी आशियाची ताटे घडवली आहेत. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची त्यांत भूमिका फारशी दिसत नाही.

४. काटा कोठे गेला?

तेव्हा मंचुरियन हा भ्रष्ट पदार्थ आणि तिखले हा शुद्ध, असा निवाडा आम्हांस करावयाचा नाही. दोन्ही चवदार आहेत, दोन्ही संमिश्र आहेत. खरा फरक काट्याचा आहे.

कँटोनी घरात आणि जुन्या चिनी उपाहारगृहात मासा अख्खा वाफवतात, डोक्यासकट मांडतात. डोक्याजवळचे मांस मानाचे समजतात. ह्या दृष्टीने चिनी घर आणि मालवणी घर एकमेकांच्या बरेच जवळ आहेत. दूर आहे ते दोन्हींपासून तुटलेले हॉटेलचे ताट. तिथला मासा चौकोनी, पांढरा, बिनकाट्याचा आणि बहुधा वासाचाही नसलेला. गेल्या काही वर्षांत हा मासा पुष्कळदा 'बासा' असतो. मूळचा व्हिएतनाममधील मेकाँग नदीचा, आणि त्याच्या जवळच्या जाती आता भारतातील तळ्यांतही वाढवतात. कोळंबी बरेचदा व्हेनामी जातीची असते. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची ही जात २००९ पासून भारतात, विशेषतः आंध्रच्या तळ्यांत, वाढवली जाऊ लागली. म्हणजे वेसाव्यापासून काही किलोमीटरवर बसून आपण आंध्रची कोळंबी आणि मेकाँगचा मासा चिनी नावाने खातो. त्याला श्रावण नाही आणि नारळी पौर्णिमाही नाही. शीतगृहाला पंचांग नसते.

ह्याच काळात जवळचा समुद्र रिता होत चालला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक नौका वाढल्या, बर्फ आणि निर्यात आली, आणि कोळंबीच्या मागे ट्रॉलरांनी समुद्राचा तळ खरवडला. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली; पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. एखाद्या प्राण्याला राज्याचे मानचिन्ह करण्याची वेळ येते, तेव्हा तो बहुधा दुर्मीळ होऊ लागलेला असतो.

५. वासाचा प्रश्न

समुद्राइतकाच गंभीर दुसरा प्रश्न जिन्यातला आहे. उपनगरांतील काही इमारतींत मासळी खाणाऱ्यांना घर मिळत नाही. जाहिरातीत तसे लिहिलेले नसते. दलाल हळू आवाजात विचारतो. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उपविधींनुसार सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. त्या निवाड्याचा विषय आहार नव्हता, पण 'आमची संस्था, आमचे नियम' ह्या वृत्तीला त्यातून बळ मिळाले. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने भाड्याचे घर घेताना 'घरात मासे शिजवणार नाही' असे तोंडी कबूल केले. ते कुटुंब आता शनिवारी हॉटेलात मासे खाते. मुलांना कोळंबी आवडते. बांगडा त्यांना ठाऊक नाही.

ही रेघ मराठी आणि अमराठी अशी सरळ ओढता येत नाही. शाकाहारी मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि वासाची तक्रार त्यांनीही पिढ्यानपिढ्या केली आहे. 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या शाहू पाटोळे ह्यांच्या २०१५ च्या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची नोंद केली आणि कोणाचे खाणे लिहिण्यायोग्य मानले गेले हा प्रश्न समोर ठेवला. तोच प्रश्न वेगळ्या रूपात इथे उभा आहे. हॉटेलातल्या मंचुरियनला नाक न मुरडणारे शेजारी घरातल्या सुकटीला का मुरडतात? आमचे उत्तर असे, की हॉटेलातल्या माशाला गाव नसते, जात नसते, शिजवणारी आजी नसते. घरातल्या सुकटीला ते सर्व असते, आणि आक्षेप वासाच्या नावाखाली त्या सर्वावर घेतला जातो.

महाविद्यालयात मराठी शिकवताना ह्याचा भाषिक परिणाम दिसतो. साहित्यातील कोकण शिकवू लागले की माशांची नावे येतात, आणि वर्गात त्यांना प्रतिसाद येत नाही. 'फिश' आणि 'प्रॉन्स' ह्या दोन शब्दांत सर्व समुद्र बसवलेला असतो. मांदेली, मोदक, मुशी, सौंदाळा हे शब्द कोशात राहतील. परंतु ज्या शब्दाला चव, वास आणि काटा नाही, तो जिभेवर राहात नाही. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीला 'खमंग' हे पुस्तक लिहावेसे वाटले, ते अन्न आणि भाषा ह्यांची ताटातूट त्यांना मान्य नव्हती म्हणूनच, असे आम्ही समजतो.

करता येण्याजोगे काय आहे? हॉटेलात जाऊ नये असे आम्ही सुचवत नाही; आम्हीही जातो आणि आवडीने खातो. पण मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील माशांची नावे, चिरण्याच्या रीती, वाट्याचे हिशेब आणि कोणत्या कालवणात काय पडते, हे बाजारातील कोळणींकडून आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून नोंदवून घ्यावे. एका वर्गाने एका वर्षात एका मंडईचे काम केले तरी पुष्कळ होईल. गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून मासेखाऊ सभासदांनी गप्प बसू नये. आणि बाजारात गेल्यावर अधूनमधून पापलेट सोडून मोदकांचा किंवा मांदेलीचा एक वाटा घ्यावा. तो स्वस्त असतो, ताजा असण्याची शक्यता अधिक असते, आणि घरातल्या लहान मुलाला काटे काढायला शिकवण्यासाठी मांदेलीहून बरा मासा दुसरा नाही.